भरल्या पानावरनं

माजा जल्म कुसगावचा. कुसगावचा म्हनजे गावकुसाबाहेरचा, वढ्याच्या अंगाला आमची घरं व्हती तितला. नाव सगुना, आईनं ठेवलेलं, पुढं बाप्तिस्मा झाला तवा इलायती नाव घे म्हनून लय मागं लागले समदे, म्या न्हाई घेतलं, म्हनलं आईनं हाक मारलेलं नाव हाय, देवाला येवढं वळखू यील की. बा गावकीची कामं करायचा, सांगावा नेयाचा, मेलेलं ढोर वढायचा, लाकडं फोडायचा, अन गावात लगीन आसलं की आमी समदी मांडवाच्या भाईर जाऊन उभी. काय सांगू तुमाला, गावाची पंगत उठायची, मंग दुसरी बसायची, ती उठायची, तवर वास नाकात अन पोटात कावळं. मंग आमचं. त्येबी मांडवात न्हाई, भाईर, वरनं टाकायचं अन आमी टोपल्यात झेलायचं. म्या एकदा बाला इचारलं, बा, आपुन आत कवा बसायचं? त्यो म्हनला, तुला जेवायचं हाय का बसायचं हाय? जेवायचं आसंल तर गप ऱ्हा.

पयली लढाई संपत आली अन मानमोडीची साथ आली. ताप यायचा, मान मोडायची, दुसऱ्या दिशी मानूस न्हाई. लोकं एकाला पुरून यायची अन घरात दुसरा पडलेला. आई गेली, बा गेला, धाकटा भाऊ गेला. मी कशी ऱ्हायले त्ये मला ठावं न्हाई. माज्यात काय चांगलं व्हतं म्हनून ऱ्हायले आसं कायबी न्हाई, भाऊ माज्यापरीस लय गरीब सोभावाचा व्हता. चुलत्यानं मला लोनावळ्याला आनली अन मिशनच्या बोर्डिंगात सोडली. तितल्या सयंपाकघरात एक म्हातारी व्हती, समदी तिला काकी म्हनायची. पोरींची पंगत बसलेली, काकीनं मला मधी बसवलं अन पान वाढलं. म्या पान उचाललं अन भाईर निगाले, सवयच ती. काकीनं दंडाला धरलं, म्हनली कुटं चाललीस? म्या म्हनलं, भाईर. म्हनली, भाईर काय हाय? म्या म्हनलं, आदी काय काम करू? म्हनली, काम उद्या, आज जेव.

आता लोक आमाला म्हनत्यात भातासाठी बाटली. आजूनबी म्हनत्यात, बाजारात माज्या पाठीमागं म्हनत्यात. त्येंना मी त्वांडावर सांगते, व्हय, भातासाठी बाटले. तुमच्याकडं भात न्हवता का? व्हता की. कनगी भरभरून आंबेमव्हर व्हता. मंग का न्हाई वाढला?

वाचाया शिकले थोडंफार, पर माजं डोस्कं चुलीपाशीच चालायचं. काकीच्या हाताखाली वाढले, काकी गेल्यावर तिची पळी माज्या हातात आली. लगीन झालं, मालक रेल्वेत, घाटात गाडीला मागनं इंजिन लावत्यात ना, त्येच्यात कोळसा टाकायचं काम. घरी आलं की फकस्त डोळं अन दात दिसायचं. अन ऐतवारी दुपारी शाब्बाथ शाळंत बारकी पोरं माज्या गळ्यात घातलेली, कारन त्येंची नाकं पुसायला दुसरं कोन तयार न्हाई. मी त्येंना गोष्टी सांगायची. प्रभू कुनाच्या घरी जेवला, कुनाच्या पंगतीला बसला, येवढंच मला नीट याद ऱ्हायचं, बाकीचं मी इसरायची. जकातवाल्याकडं जेवला, पाप्यांसंगं बसला, लोकांनी नावं ठेवली तरी बसला. पोरं इचारायची, मावशी, त्येला काय वाढलं आसंल? मी म्हनायची, भात अन कालवान, दुसरं काय वाढत्यात पाव्हन्याला.

मंग मोठ्या बाई आल्या, बोर्डिंगच्या मुख्य म्हनून. नगरकडच्या, आमच्यातल्याच, त्येंचा बापबी गावकुसाबाहेरचाच, पर बोलनं पुन्याच्या शिकल्यासवरल्या बायकांवानी. बाई वाईट न्हवत्या, तुमी माजं लिवून घेताय तर त्ये आदी लिवा. पोरगी तापानं फनफनली तर उशापाशी बसून ऱ्हायच्या, सोताच्या वाटचं दूध तिला पाजायच्या. पांढरं लुगडं, त्येच्यावर डाग म्हनून कदी बघितला न्हाई. पर त्येंच्या मनात एक भ्या व्हतं. मला म्हनायच्या, सगुणा, गाव आपल्याला काय म्हणतं ते तुला ठाऊक आहे. आपल्या मुलींकडे कुणी बोट दाखवता कामा नये. आपण त्यांच्या दुप्पट चांगलं वागलं पाहिजे. म्या म्हनलं, बाई, दुप्पट कशापाई? त्या म्हनल्या, कारण त्यांना आपलं अर्धंच दिसतं. ह्ये काय खोटं न्हवतं.

पर त्या भ्यातनं त्येंनी फीत काढली. आठवडाभर जी पोरगी खोटं बोलली न्हाई, भांडली न्हाई, प्रार्थनंत पेंगली न्हाई, तिच्या येनीत ऐतवारी पांढरी फीत बांधायची. चुकली की काढायची. अन नाताळच्या प्रेमभोजनाला, त्या दिशी आमची समदी मंडळी, पुरुस, बाया, पोरंसोरं, एका पंगतीत जेवत्यात, त्या दिशी फीतवाल्या पोरी पंगतीत बसनार, अन बिनफितीच्या मागच्या पडवीत, पंगत उठल्यावर. म्हनजे बघा तुमी. गावानं ज्येंना पंगतीभाईर ठेवलं, त्येंनीच सोताची पंगत मांडली अन तिलाबी एक भाईरची बाजू काढली. ह्ये आमच्याच लोकांना सुचावं. म्या तवाच बोलले. बाई म्हनल्या, मग मुलांना शिस्त नको का? म्या म्हनलं, कान धरा, छडी मारा, भांडी घासाया लावा, पर ह्यात पंगत कशाला घालताय? त्येंनी ऐकलं न्हाई.

बेडश्याच्या वरच्या अंगाला ठाकरांची वाडी हाय, तितली एक पोरगी बोर्डिंगात व्हती, हिरी. आई मेलेली, बानं आनून सोडलेली. पुढचं दुधाचं दात पडून नवं येत व्हतं, येवढी. पत्रावळी टाचायला लय हुशार, ठाकराचीच ल्येक ती, पळसाची पानं अन काड्या घेऊन बसली की हात चालू अन त्वांडबी चालू, वाडीवरची गानी म्हनायची, हसायची. तिला ती फीत लय आवडली. रानातली पोरगी, येनी कदी घातलेली न्हाई, आता त्या फितीपाई केस घट्ट वढून बसायची. अन फीत जाईल म्हनून हसनं बंद केलं, गानं बंद केलं, पोटभर खानं बंद केलं, म्हनायची जास्ती खाल्लं तर लोभ व्हतो. बाई तिचं लय कवतिक करायच्या. एक दिस पानं टाचता टाचता मला म्हनती, मावशी, सपनात चोरी केली तर फीत जाती का? म्या म्हनलं, काय चोरलंस? म्हनली, आंबा. म्या म्हनलं, गोड व्हता का? तर ती रडायलाच लागली.  पोरगी चांगली व्हत न्हवती वो, पोरगी भीत व्हती, अन बाईंना त्येच्यातला फरक दिसत न्हवता.

अन भ्यालेलं मानूस काय करतंय, तर खोटं बोलतंय. नाताळ जवळ आला तवाची गोष्ट. कंदील पुसताना हिरीच्या हातनं काच फुटली. बाईंनी इचारलं, कुणी फोडली, तर हिरी म्हनली, राहेलनं. राहेल तिच्यापरीस बारकी, बोलताना अडखळायची, तिचं काय सांगून व्हईस्तवर तिला छडी बसली अन तिची फीत गेली. त्या दिसापासनं हिरी राहेलच्या वाऱ्यालाबी उभी ऱ्हाईना. पानं टाचायला बसली तर हात चालंना. शेवटी चुलीपाशी येऊन म्हनली, मावशी, काच म्या फोडली. म्या म्हनलं, मला सांगून काय उपेग, चल बाईंकडं. म्या तिला पाठीशी घातली न्हाई, ह्येबी लिवा. बाईंनी समदं ऐकून घेतलं, राहेलला बोलावून तिची फीत तिला परत बांधली अन हिरीची सोडली. म्हनल्या, काचेचं काही नाही, पण तू दुसरीवर आळ घातलास. नाताळला तू पडवीत जेवशील. आता ह्येच्यात बाईंचं काय चुकलं, तुमी म्हनाल. खोटं व्हतं अन वंगाळ खोटं व्हतं, मी त्येला चांगलं म्हनत न्हाई.

पर हिरी मला काय म्हनली, त्ये ऐका. मावशी, नाताळ झाला की बा मला भेटाया येनार हाय, मी त्येच्यासंगं वाडीवर जाते. हितला देव चांगल्या पोरींचा हाय, मी त्येच्या कामाची न्हाई. ह्ये ऐकलं अन माजं डोस्कं फिरलं. फितीचं मला काय न्हवतं, फीत चिंधीच ती, पर आमच्या देवावर ह्यो आळ घातला कुनी? अन पोरगी ह्येच मनात घेऊन डोंगर चढून गेली आसती, अन जल्मभर तसंच मानून बसली आसती, तितं तिला उलटं सांगायला कोन जानार व्हतं?

नाताळ आला. सकाळची उपासना झाली, गानी झाली, आमच्या ख्रिस्ती देवळापुढच्या मांडवात पंगत बसली. वरसातनं एकदा मटन, त्येच्या वासानं पोरं वेडी झालेली. पत्रावळी निम्म्याच्या वर हिरीनंच टाचलेल्या, अन पडवीत त्या साली येकटी हिरीच, भिताडाकडं त्वांड करून. म्या भाताची पाटी खाली ठेवली, पडवीत गेले, तिच्या दंडाला धरलं अन मांडवात आनली. राहेलच्या शेजारी जागा व्हती तितं बसवाया गेले, तर राहेल म्हनली, ही माज्याजवळ नगं. बराबर हाय तिचं, छडी तिनं खाल्लेली. म्या म्हनलं, नगं तर नगं, अन हिरीला आमच्या मालकांच्या शेजारी बसवली, मालक सरकून बसलं. अन लगोलग तिच्या पानावर भात वाढला, वर कालवान वाढलं. ह्ये म्या मुद्दाम केलं. कारन भरल्या पानावरनं मानसाला उठवत न्हाईत, दुस्मनाला सुदीक न्हाई, ह्ये आपल्याकडं शेंबडं पोरगंबी जानतंय. गावानं आमाला पंगतीत कदी बसू दिलं न्हाई, पर बसलेल्याला पानावरनं उठवायचं पाप गावानंबी केलं न्हाई कदी.

बाई आल्या. म्हनल्या, हिरा, ऊठ. म्या म्हनलं, बाई, पान भरलंय.  बाई माज्याजवळ येऊन हळू म्हनल्या, सगुणा, ही इथं बसली तर ज्या मुली वर्षभर चांगल्या वागल्या त्यांनी काय समजायचं? म्या काय हळू बोलले न्हाई. म्या म्हनलं, त्येंनाबी वाढते की, भात कमी न्हाई. बाई म्हनल्या, मग फितीला अर्थ काय राहिला? म्या म्हनलं, आज कायबी न्हाई. आज फीत बघायची आसंल तर आदी तुमची माजी बघू, मंग ह्या पोरीची. ज्येचा जल्म झाला म्हनून आपुन जेवतोय त्येनं कुनाला इचारली का फीत? बाईंचं त्वांड लाल झालं. म्हनल्या, उद्यापासून तू स्वयंपाकघरात येऊ नकोस. म्या म्हनलं, उद्याचं उद्या बघू, आज वाढू द्या.

येवढं भांडले, पर काय सांगू तुमाला, पोरगी जेवंच ना. हात मांडीत घालून बसलेली. मी तिच्यापुढं उकिडवी बसले, पळी तशीच हातात. म्हनली, मावशी, मी आदी चांगली व्हते, मंग जेवते. म्या म्हनलं, तू चांगली व्हईस्तवर भात निवंल गं बाय. माज्याकडं बघ, मी येवढी थोराड घोडी झाले, आजून चांगली झाले न्हाई, आत्ता बघितलंस ना बाईंशी कशी बोलले. मी चांगली व्हायाची वाट बघत बसले आसते तर कवाच उपाशी मेले आसते. ह्ये पान तू कमावलेलं न्हाईस. राहेलनं न्हाई, बाईंनी न्हाई, म्याबी न्हाई. ह्ये वाढलंय. वाढलेलं खायाचं आसतं, त्येची लायकी काढायची नसती. चांगलं व्हायाचं त्ये जेवल्यावर. उपाशी पोटी कोन चांगलं झालंय आजवर? ती म्हनली, मंग राहेलला काय सांगू? म्या म्हनलं, चुकले म्हन. आजच म्हन, हात धुतल्यावर. त्ये सुटलेलं न्हाई तुला. तरी तिचा हात मांडीतच. मंग आमचं मालक म्हनलं, खा गं पोरी लवकर, तुज्यापाई तुजी मावशी हितं अडून बसली अन माज्या पानावर कालवानच आलं न्हाई. तवा कुटं ती हसली. अन हसता हसता घास घेतला, अन मंग जी जेवली ती दोनदा भात मागून घेतला.

मला काढलं, बोलल्यापरमानं. मालक म्हनलं, बरं झालं, आता गरम जेवन माज्या वाट्याला यील. हिरीचा बा आला, तिला म्हनला चल, ती म्हनली न्हाई येत, मी हितं ऱ्हाते. त्यो बिचारा येकटाच डोंगर चढून गेला. आता तुमी इचाराल, हिरी एकदम देवमानूस झाली का? छ्या. गूळ चोरला, पोरींच्या झिंज्या वढल्या, फीत आली अन गेली, आली अन गेली. राहेलशी तिचं नीट जमाया लय दिस गेलं. पर आता चुकली की माज्या घरी पळत यायची अन दारातनंच वरडायची, मावशी, म्या केलं. आदी लपवायची, आता सांगायची, येवढाच फरक. मला इचाराल तर येवढा फरक लय झाला.

ऐतवारी दुपारी बारकी पोरं मंग माज्या ओट्यावर यायला लागली. रेल्वेच्या चाळीतली, मंडळीतली, शेजारच्या तांबोळ्याची दोन मुसलमान पोरंबी यायची, त्येंच्या आईला म्या इचारलं तर म्हनली, गोष्ट ऐकूद्या, तेवढीच घरात शांती. मी त्येंना त्येच त्येच सांगायची, जेवन आदी अन चांगलं व्हनं मागनं. पोरंबी कमी न्हाईत. एक म्हनालं, मंग मावशी, कितीबी खोटं बोललं तरी चालतंय का? म्या म्हनलं, चालत न्हाई, पाठीत धपाटा बसंल, माजाच बसंल. पर जेवाया हाक मारीन तवा तुला वगळनार न्हाई. त्यो इचार करून म्हनला, मंग खोटं बोलून फायदा काय? म्या म्हनलं, त्येच तर बाबा. मंडळीतलं एक मोठं मानूस मला सांगाया आलं, सगुणाबाई, तुम्ही मुलांना पाप सोपं करून देताय. म्या म्हनलं, पाप सोपंच हाय भाऊ, त्येला माजी मदत नगं. अवघड काय हाय, तर फुकट वाढलेलं मान खाली न घालता खानं. त्येच शिकवते मी.

दुसरी लढाई झाली, सवराज आलं, मालक घरी बसलं. हिरी लगीन करून हितंच ऱ्हाते, नवरा रेल्वेत गँगमन. नाताळाला माज्या ओट्यावर पंगत बसती, हिरी पत्रावळी टाचती, मी रांधते, ज्येला यायचं त्यो येतो. मोठ्या बाई काम सुटल्यावर बाजाराच्या मागं एका खोलीत येकट्याच ऱ्हात्यात. मागं एका नाताळाला पंगत बसली अन बघते तर पायरीखाली मोठ्या बाई. लुगडं तसंच पांढरं, पाठ तशीच ताठ. आत येत न्हाईत, मागं फिरत न्हाईत. म्या वळखलं, जेवाया आल्यात, अन मनात म्हनलं, आता बघते. आता ह्येंच्या त्वांडातनं येऊ दे, सगुणा, माझं चुकलं, मंगच म्हनीन या. पळी हातात घेऊन मी उभी, त्याबी उभ्या. तवर हिरीनं आतनं पत्रावळ आनली, पंगतीत मधोमध मांडली, भात वाढला, कालवान वाढलं, अन पायऱ्या उतरून बाईंच्या हाताला धरून म्हनली, बाई, बसा. अन त्या बसल्या. म्या हिरीला चुलीपाशी गाठलं, म्हनलं, घर कुनाचं हाय? मला इचारायचं तरी. ती म्हनली, इचारलं आसतं तर तू न्हाई म्हनली आसतीस.

म्हनलेच आसते.

आता त्या दर नाताळाला येत्यात. कालवानात मीठ कमी हाय म्हनत्यात, पोरांना नीट मांडी घालून बसा म्हनत्यात, पोरं त्येंना भीत न्हाईत म्हनून रागावत्यात. माफी आजून मागितली न्हाई, मागनारबी न्हाईत, मी वळखते त्येंना. न्हाई तर न्हाई. माफी घेऊन भात इकायला म्या काय दुकान मांडलेलं न्हाई. देव त्येंना उदंड आयुक्ष देवो, अन मला त्येंच्यापरीस एक नाताळ जास्ती देवो, वाढायला कोनतरी पायजे.